मुठींचा वेगळा स्विच

"परत उतरवलीत बॅटरी?" गाडी ढकलून घामाघूम झालेल्या अलीभाईंना आत्मारामने दुकानाच्या दारातच झापलं. "जल्ला तो स्विच!"

"बंद कराचा राहिला रे. इसारलो."

आत्मारामने कपाळावर हात मारला. भाट्याच्या पुलाजवळ गाड्यांच्या वायरी जोडण्यात त्याची हयात गेली होती, पण असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. घरी अलीभाई नि त्यांची बायको ताजबी दोघंच, मुलगा अद्नान बोटीवर नोकरीला. त्याने कुठल्याशा थंड बंदरातून बापाच्या मोटारसायकलच्या हँडलसाठी गरम होणाऱ्या मुठी आणल्या. रत्नागिरीत! जिथे उन्हाळ्यात सीटवर टेकायची सोय नसते! चावी फिरवली की मुठी तापायच्या आणि भर दुपारी तळहात भाजायचे, म्हणून वेगळा स्विच बसवायचं ठरलं. इथवर ठीक. पण अलीभाईंना तो थेट बॅटरीवरून हवा, चावी काढल्यावरही चालणारा. आत्मारामने परोपरीने समजावलं. ऐकतील तर शपथ.

"आज चावीवरनंच जोडतंय," तो म्हणाला. "गाडी बंद, मुठी बंद. कटकट नको."

"मग काढूनच टाक. उपेग नाय त्याचा."

"का पण? बंद गाडीवर बसून करता काय?"

अलीभाईंनी हात पुढे केले. जेटीवर पहाटेपासून मासळीत बर्फ भरून त्यांची बोटं पांढरीफटक पडलेली होती, गाडी ढकलूनही तापली नव्हती.

"ताजबीचं अर्धं अंग गेलंय, तुला ठाव हाय. तिला उठवाचं, भरवाचं मलाच. माझा गार हात लागला की दचकते, आखडून जाते. घर जेटीला लागून, वाटेत हात तापणार कधी? म्हणून गाडी आधीच बंद करून अंगणात आणतंय नि मुठी धरून थांबतंय. इंजिन चालू ठेवलं तर तिला कळतं मी आलो, नि एकटीच उठाय बघते. एकदा तशीच पडली."

"मग आत जाताना स्विच बंद करायला काय होतं?"

"हात गरम झाले की आत पळतंय ना मी."

आत्माराम चरफडला. हे आधी सांगायला या माणसाचं काय बिघडलं असतं?

"बझर लावू?"

"तिला ऐकू जाईल."

"मग लाल दिवा?"

"लावलायस की मागल्या खेपेला."

शेवटी त्याने दात-ओठ खात कोल्हापूरला फोन लावला आणि मुठी आपोआप बंद करणारा टायमर मागवला.

तो आज येतो, उद्या येतो करत शिमगा तोंडावर आला. मधल्या काळात अलीभाई एकदाही फिरकले नाहीत. टायमर आल्यावर आत्मारामने निरोप धाडला, तर ते चक्क गाडी चालवत आले. त्याने सेल्फ दाबला. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं.

"वा! आली एकदाची अक्कल! आठवणीनं बंद करायला लागलात वाटतं?"

"लावतच नाय आता," अलीभाई म्हणाले. "ताजबी गेली. मागल्या महिन्यात."

पुलाच्या या बाजूला आत्मारामच्या कानावर काहीच आलं नव्हतं. आजवर केलेली सगळी आरडाओरड त्याला आठवली आणि स्वतःचीच चीड आली. टायमरची डबी त्याच्या हातातच राहिली.

"मग आलात कशाला?"

"तू माझ्यासाठी मागवलास ना."

अलीभाई तसेच जेटीवरून आले होते. बोटं पांढरीच होती. आत्मारामने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि आपल्याच हाताने मुठींचा स्विच चालू केला.

"धरा," तो म्हणाला.

अलीभाईंनी गाडीवर बसून दोन्ही मुठी धरल्या. आत्माराम शेजारी उभा राहिला. हळूहळू बोटांत रंग भरला. हात चांगले गरम झाले तसे अलीभाई लगबगीने गाडीवरून उतरले, या खेपेला आठवणीने स्विच बंद केला, आणि त्या हातांचं काय करावं ते न सुचून त्यांनी ते खिशात घातले.