खरवडलेल्या नावाची तबकडी

मित्रांनो, माझ्या मध्यावर एके काळी निळा कागद होता आणि त्यावर नाव लिहिलेलं होतं. मी तयार झाले त्याच दिवशी ते चाकूने खरवडून काढलं गेलं, म्हणून मला तुम्हाला नाव सांगता येत नाही. किंग्स्टन शहरातली गाण्याची जुनी तबकडी, एवढीच माझी ओळख.

दुकानात मिळणाऱ्या तबकड्या टणक असतात. एकेका गाण्याच्या हजारो निघतात. मी तशी नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीवर काळ्या लाखेचा पातळ लेप, असं माझं अंग. एकोणीसशे एकोणऐंशी साली एका कोंदट खोलीत यंत्राच्या सुईने त्या लेपावर गाणं कोरलं. कोरताना लाखेचा केसासारखा धागा निघत होता आणि काचेपलीकडे इनेझ गात होती. मी एकटीच. माझी जोडीदारीण काढली नाही.

इनेझचा नवरा लिनव्हल. त्याचा ‘ब्रास गेट’ नावाचा साउंड होता, म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, तबकड्यांच्या पेट्या आणि त्या लावणारा तो स्वतः. दोन साउंड मैदानात समोरासमोर उभे राहत आणि गाण्याला गाण्याने उत्तर देत. समोरच्याकडे नाही असं गाणं ज्याच्याकडे, तो जिंकला. नावं खरवडायची ती त्यासाठीच, कुणी वाकून वाचू नये म्हणून. लिनव्हलने आमच्या कडांना बारीक खाचा पाडल्या होत्या. त्यांवरून अंगठा फिरवला की तीनशे तबकड्यांमधली हवी ती त्याच्या हातात येई.

इनेझला तेव्हा सातवा महिना होता. माझ्या सुरुवातीला ती हसते, कारण पहिल्याच ओळीला तिला दम लागला. मग गाते. समोरच्या साउंडला सांगते की, घरी जा बाळा, आई दूध तापवून बसली आहे. तिचा आवाज खरखरीत होता, सकाळी उठल्या उठल्या असतो तसा.

मैदानात लोकांनी मला डोक्यावर घेतलं. पत्र्याच्या कुंपणावर तळहात आपटून ते ‘परत, परत’ म्हणायचे. लिनव्हल दोन बोटांनी सुई अलगद उचलायचा आणि पुन्हा सुरुवातीला ठेवायचा. सुई टेकलेली असताना त्याने मला कधी हाताने फिरवलं नाही. तरीही, मित्रांनो, सुई मला दर वेळी थोडी थोडी खात होती. माझ्यासारखीचं आयुष्य शंभर वेळांचंही नसतं. माझ्या बहुतेक वेळा अनोळखी माणसांच्या टाळ्यांवर खर्च झाल्या.

मुलगी आयोना दीड वर्षाची असताना इनेझ तापाने गेली. त्यानंतर लिनव्हलने मला पेटीच्या तळाशी ठेवलं. मुलगी मोठी झाली, विचारू लागली. आईचा आवाज कसा होता, हे तिला माहीत नव्हतं. मैदानात ऐकलेले शेजारीपाजारी तिला सांगायचे, तेवढंच. लिनव्हल म्हणायचा, तुझ्या लग्नात लावीन. आयोना नर्स होऊन टोरांटोला गेली, तिथेच कचेरीत सही करून लग्न झालं आणि त्याला व्हिसा मिळाला नाही. मग पहिलं मूल होईल तेव्हा, मग पुढच्या नाताळात. दर खेपेला ती विचारायची आणि तो पेटीवर हात ठेवून बसायचा. एकदा म्हणाला, “दोनच वेळा उरल्यात तिच्यात, पोरी. एक तुझी, एक माझी. घाई नको करू.”

त्याला भीती वाटत होती, हे मला कळत होतं. एका दुपारी घरात कोणी नसताना त्याने मला प्लेअरवर ठेवलं, सुई माझ्यावर धरली आणि तशीच धरून ठेवली. हात दुखू लागला तेव्हा मला पुन्हा पाकिटात घातलं.

गल्लीतला केमार आता चाळिशीचा आहे. तो लॅपटॉपवर गाणी लावतो. पाठीवर एक पिशवी, त्यात त्याचा सगळा साउंड. लिनव्हलशी त्याचं रोज वाजायचं. काका, तुमची पेटी उचलायला चार माणसं लागतात आणि पाचवं तुमची कंबर चोळायला, असं तो म्हणायचा. लिनव्हल म्हणायचा, तू गाणी लावत नाहीस रे, बटणं दाबतोस. तुझी आजीसुद्धा लिफ्टमध्ये तेवढं करते. दोघं हसायचे. मात्र एकदा केमार हसला नाही.

“काका, इनेझकाकूची तबकडी मला एकदाच द्या. उतरवून घेतो. मग हजार वेळा ऐका, झिजायची नाही.”

“तुझ्या डब्यात गेली की महिन्याभरात सगळ्या शहराकडे असेल. आणि डब्यातून येतो तो आवाज नसतो, आवाजाचा फोटो असतो.”

“आयोनाला फोटोही चालेल, काका.”

लिनव्हलने पेटीचं झाकण लावलं. गेल्या मार्चमध्ये तो झोपेतच गेला.

आमच्याकडे नवव्या दिवशी अंगणात सगळे जमतात. खातात, गातात, गेलेल्याला निरोप देतात. त्या दुपारी बकऱ्याच्या रश्शाचं पातेलं चुलीवर होतं, म्हातारे डॉमिनो आपटत होते आणि टोरांटोहून आलेली आयोना पेटीशी बसली होती. तीनशे तबकड्या, एकीवरही नाव नाही. खाचांची भाषा ज्या अंगठ्याला येत होती तो पुरून झाला होता. तिने केमारला हाक मारली. आज डॅडीसाठी तीच लावायची आणि उतरवूनही घ्यायची, असं ठरलं. तो लॅपटॉप घेऊन आला आणि लिनव्हलच्या प्लेअरवर एकेक तबकडी लावून पाहू लागला.

गाणं स्पीकरवर सोडण्याआधी हे लोक ते एका कानाला हेडफोन लावून तपासतात. दुसऱ्या कुणाला ते ऐकू येत नाही. केमारने तेच केलं. शंभराहून जास्त तबकड्या बाजूला गेल्या आणि मग मी आले. सुई टेकली. इनेझ हसली, गल्लीत सगळे सांगायचे तशीच, आणि पहिली ओळ गायली. केमारचे डोळे भरले. “हीच,” तो म्हणाला. आयोना उठून स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली.

आणि मग, मित्रांनो, त्याच्या हाताने लॅपटॉपच्या आधीच्या दिवसांतलं सवयीचं काम केलं. टणक तबकडीचा पहिला सूर पकडायला हे लोक ती बोटांनी उलटी ओढतात, पुढे-मागे घासतात, सुई न उचलता. त्याने मला तशीच ओढली. माझी लाख पंचेचाळीस वर्षांची, आतून सुटत आलेली. ती सुईबरोबर निघून आली. मग त्याने रेकॉर्डिंग चालू केलं आणि आवाज स्पीकरवर सोडला.

खर्र. त्यानंतरही खर्रच. म्हाताऱ्यांनी डॉमिनो थांबवले. केमारने सुई उचलली, पुढे ठेवली, आणखी पुढे ठेवली. सुई टेकेल तिथली लाख सुटत गेली, गाणं कुठेच उरलं नव्हतं.

आयोनाने विचारलं, “तू ऐकलंस?”

“पहिली ओळ.”

“कसा होता?”

केमारने तोंड उघडलं. त्याला गायचं होतं, असं मला वाटतं. नाही जमलं त्याला. “तुझ्यासारखा होता, ताई,” तो म्हणाला. तो खोटं बोलला. आयोनाचा आवाज मऊ आहे, बापावर गेलेला.

तिने त्याला दोष दिला नाही. सुईवर अडकलेले लाखेचे काळे कण तिने बोटाने टिपले आणि रुमालात बांधले. त्यांत कोणता शब्द होता हे मलाही ओळखता आलं नसतं.

आता मी टोरांटोत एका कपाटात आहे. वाजत नाही, म्हणून माझी काही किंमत नाही. तबकडी चांगली की लॅपटॉप, हा वाद तुम्ही खुशाल घाला. मी दोन्हींच्या हाती संपले. एकाने मला जपलं आणि दुसऱ्याने मला वाचवायला घेतलं. तुमच्या घरात कुणी गात असेल, ओरडत असेल, नुसतं जेवायला हाक मारत असेल, तर ते आज ऐका. चांगल्या दिवसासाठी मागे ठेवू नका. आयोना पंचेचाळीस वर्षं थांबली, आणि ती ओळ केमारच्या एका कानात गेली.