लाल टिकली

वडिलांनी दुकान दादाला दिलं आणि दुकानाबाहेरच्या जिन्याखालची जागा लेकीला. झाली वाटणी! त्या जागेत शिलाई मशीन मावायचं, मशीनमागे ताई मावायची आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहायचं. तिथंच लोकांच्या पँटी आखूड करून, चेनी बदलून तिनं नवऱ्यामागे घर चालवलं. दादा आत चपलांच्या दुकानात पंख्याखाली बसून येईल त्याला सांगायचा, "बहिणीला मी कधी अंतर दिलं नाही."

मग बाजारपेठ सुधारायची टूम निघाली. शाळेच्या हॉलमध्ये रस्त्याचे मोठाले फोटो लावले. आराखडा करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "रस्ता तुमचा, मत तुमचं. आवडेल त्यावर हिरवी टिकली लावा, नको असेल त्यावर लाल."

ताईला उभ्या जन्मात कुणी मत विचारलं नव्हतं. ती हरखूनच गेली. उघड्या गटारावर लाल, लोंबत्या तारांवर लाल. एका फोटोपाशी तर तिनं नाक मुरडलं. अंधारा कोनाडा, फाटकी ताडपत्री, चिंध्यांची गाठोडी.

"शी! काय हा उकिरडा! दादा, बघ रे, लाजा कशा वाटत नाहीत लोकांना?" असं म्हणत तिनं लाल टिकली अंगठ्यानं दाबून बसवली.

दादानं फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग आपली लाल टिकली तिच्या टिकलीला खेटून लावली. "खरंय तुझं," तो म्हणाला. मागे उभ्या असलेल्या दुकानदारांपैकी ज्यांनी जागा ओळखली, त्यांना वाटलं, घरातच ठरलेलं दिसतंय. त्यांनीही लावल्या.

काही महिन्यांनी मॅडम खडू घेऊन आल्या आणि त्यांनी जिन्याखाली फुली मारली. ताई भांडायला उठली तेव्हा त्यांनी तिला समोरच्या फुटपाथवर नेलं आणि मोबाइलवर तो फोटो दाखवला. सुट्टीच्या दिवशी काढलेला. ताडपत्रीखाली मशीन, मशीनशेजारी तिचीच गाठोडी. इतकी वर्षं ती त्या जागेतून रस्ता बघत आली होती, रस्त्यापलीकडून ती जागा तिनं कधी बघितलीच नव्हती. मॅडमचा काय दोष? टिकली तिनंच लावली होती. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती तडक दुकानात शिरली. "दादा, तू ओळखली होतीस ना जागा?"

दादा खोकी नीट लावायला लागला. "तूच आधी टिकली लावलीस. मला वाटलं, कंटाळलीस. मी कशाला मोडता घालू?"

"आता काय होणार तिथं?"

"काही नाही गं. काचेचं कपाट. चपला दिसायला." मग खोकी सोडून तो मायेनं म्हणाला, "तुझं मशीन ठेव की माझ्या माळ्यावर. तू काय परकी आहेस?"

"परकी असते," ताई म्हणाली, "तर हटकलं असतंस रे मला."