इस्त्रीवर भाजलेलं सँडविच

शेगडीची चारही बटणं उपटून पर्समध्ये टाकायची, बाहेरून कुलूप दोनदा फिरवायचं आणि मग जिना उतरायचा, असा मुलीचा रोजचा नेम होता. पायरीपायरीला ती बटणं खुळखुळत जायची. कडकमास्तर दाराला कान लावून ऐकत उभे राहायचे. तिसरा मजला, दुसरा, पहिला. मग आवाज संपायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

कडकमास्तर हे त्यांना धोबीखान्यात पडलेलं नाव. शहरातल्या सगळ्यात मोठ्या धोबीखान्यात त्यांनी एक्केचाळीस वर्षं इस्त्री केली. हॉटेलांच्या चादरी, वकिलांचे कोट, नवरदेवांचे सदरे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांच्या इस्त्रीची रेघ अशी असायची, की पँट घालणाऱ्याला बसायचं जिवावर यायचं. आता वय शहात्तर. हात तसेच होते. गळती लागली होती ती डोक्याला. वर्षभरात तीनदा दूध गॅसवर ठेवून ते विसरले. दोनदा नुसतं पातेलं गेलं. तिसऱ्यांदा पडदा पेटला, आणि समोरच्या टेलरीणबाईंनी बादली घेऊन धाव घेतली नसती तर पुढचं बोलायलाच नको.

घरात बापलेक दोघंच. मुलगी सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची नावं लिहायची आणि आपला म्हातारा कोंडून ठेवला आहे हे आठवून मध्येच तिचं पेन थांबायचं. तिला दोष द्यायला कोणाची जीभ उचलेल? देवाने तिला बाप एक दिला, नोकरी एक दिली आणि चोवीस तासच दिले.

पडदा जळला त्या दिवशी तिने सांगितलं होतं, "बाबा, आता आणखी एकदा जरी आगीशी काही झालं, तर मी त्या वृद्धांच्या संस्थेच्या फॉर्मवर सही करणार. तिथे माणसं आहेत लक्ष ठेवायला."

"मी गॅसला हात लावणार नाही," मास्तरांनी शब्द दिला होता.

तरीसुद्धा संस्थेचा माणूस शुक्रवारी मास्तरांना बघायला येणार होता. नुसतं बघायला, असं ती म्हणाली होती. आज बुधवार.

गॅस बंद म्हटल्यावर जेवण गार. दुपारसाठी ती एका डब्यात ब्रेडच्या दोन स्लाइस, त्यांच्यामध्ये चीज, आणि दुसऱ्या डब्यात फळं कापून ठेवायची. सुऱ्यादेखील कुलपात. आज नासपतीच्या फोडी होत्या. मास्तर रोज डोळे मिटून देवाला म्हणायचे, "तुझं तुला आधी," आणि मग पहिला घास तोंडात घालायचे. गेला दीड महिना तो घास गार होता. ज्या माणसाचा सगळा जन्म वाफेत गेला, त्याला गार ब्रेड घशाखाली उतरवायला किती पाणी लागतं, हे त्यालाच ठाऊक. तक्रार मात्र त्यांनी केली नाही. देवाला गार घास चालतो तर आपण कोण मोठे लागून गेलो?

त्या दिवशी मुलीला उशीर झाला होता. पांढऱ्या कोटावर घाईघाईने इस्त्री फिरवून ती पळाली. मागे सुरकुत्या तशाच. मास्तरांचा हात त्या सुरकुत्यांकडे नकळत पुढे झाला. ती गेल्यावर त्यांनी टेबलावरची इस्त्री उचलली. तळाजवळ हात नेला. अजून ऊब होती.

आगीचं नाव घेतलं की माणसाच्या डोळ्यांपुढे ज्वाळा येते. इस्त्री कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मुलीने घरातल्या काड्या उचलल्या, लायटर उचलला, देवापुढची पणतीसुद्धा उचलली, आणि इस्त्री राहिली.

"मी गॅस म्हणालो होतो," मास्तर छताकडे बघून म्हणाले. "इस्त्रीचा शब्द दिलेला नाही. तू साक्षीला होतास."

बोलून झाल्यावर मास्तरांनाच लाज वाटली. एवढी वर्षं वकिलांचे कोट हाताळले, त्याचा हा परिणाम, असं पुटपुटत ते खुर्चीवर बसले. पाच मिनिटं बसले. मग उठले.

फोडी जाड होत्या. जाड फोड दाबाखाली घसरते, कोटाच्या खिशात विसरलेला रुमाल घसरतो तशी. सुरी नव्हती, पण शर्टाची बटणं लावायच्या दोऱ्याचं रीळ होतं. मास्तरांनी हातभर दोरा तोडला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि ताणलेला दोरा फोडीतून आरपार ओढला. पातळ चकती पडली, मागची बोटं दिसतील इतकी. एका नासपतीच्या अशा वीस-बावीस चकत्या त्यांनी पाडल्या. मग स्वच्छ पंच्यावर मांडून टिपून घेतल्या. ओल राहिली की काम बिघडतं, मग ते कापड असो की फळ.

चीजची स्लाइस त्यांनी दोऱ्यानेच जाडीतून आडवी चिरून तिच्या दोन पातळ स्लाइस केल्या. खाली चीज, मध्ये नासपती, वर चीज, म्हणजे वितळल्यावर फळ दोन्हीकडून धरलं जाईल. ब्रेडच्या बाहेरच्या अंगाला लोणी लावलं, अगदी कडेपर्यंत, कारण आळशी माणसाची कड नेहमी कच्ची राहते. बेकरीच्या बटर पेपरात सँडविच गुंडाळलं. कागदाच्या घड्या अशा घातल्या, की परदेशी पाठवायचं पार्सल वाटावं.

पिन लावून इस्त्रीचं बटण 'सुती'वर फिरवलं. ती तापून तिच्यावरचा दिवा विझेपर्यंत थांबले. मग ती नुसती वर टेकवली. फिरवली नाही, दाबली नाही, तिचं वजन तिलाच करू दिलं. कागदाखालून हळूच चर्र असा आवाज आला. मास्तरांचे डोळे भरून आले. लोणी तापल्याचा वास, मागोमाग चीजचा, आणि त्यातून वाट काढत येणारा नासपतीचा गोड वास. दीड महिन्यात त्या घराला असा वास आला नव्हता.

खालची बाजू झाली. त्यांनी कागदाची कड उचलून पाहिली. सोनेरी, एकसारखी. उलटलं. दुसऱ्या बाजूवर इस्त्री टेकवणार, इतक्यात दारावर थाप पडली.

"मास्तर! अहो मास्तर! काय जळतंय?"

मास्तर दाराशी गेले. "जळत नाहीये, टेलरीणबाई. भाजतंय."

"एकच की ते!"

"एक कसं? तुम्ही कापड फाडता आणि कापता, ते एक का?"

"शब्दात धरू नका मला. गॅसची बटणं तर ती घेऊन गेली. मग भाजताय कशावर? डोक्यावर?"

"इस्त्रीवर."

"इस्त्रीवर काय भाजताय?"

"चीज आणि नासपती. ब्रेडमध्ये."

"अगं बाई!" आणि मग टेलरीणबाईंना हसू आवरेना. "चाळीस वर्षं लोकांच्या पँटी भाजल्यात, आता हे. आणि फळ कशाला घातलंत त्यात?"

"डब्यात तेच होतं. गोड-खारट लागतं चांगलं. अर्धं तुम्हाला दिलं असतं, पण दाराखालून जाईल इतकं पातळ काही झालं नाहीये."

त्या पुन्हा हसल्या. मग आवाज उतरला. "मास्तर, मी तिला फोन केलाय. वास आला तसा लगेच. तिने शपथ घातली आहे मला. रागावू नका."

मास्तरांनी कपाळ दारावर टेकवलं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. बरं केलंत. तुमच्या जागी मीही केला असता."

ते दाराला पाठ टेकून उभे राहिले. शुक्रवार आता दारापलीकडेच येऊन बसल्यासारखा वाटला. आणि मग ते एकदम टेबलाकडे धावले. इस्त्री! किती वेळ झाला बोलत? पाच मिनिटं? पंधरा? तिला आडवी टाकून तर आलो नाही?

टेबलापाशी पोचेपर्यंत ती खोली कोसभर लांब झाली.

इस्त्री मागच्या टाचेवर उभी होती. पिन भिंतीतून काढलेली, वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. सँडविच कागदात, एक बाजू सोनेरी, एक पांढरी.

मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना घाम फुटला. पिन कोणी काढली? त्यांनी डोकं पिळून पाहिलं. थाप आठवत होती, बाईंचा आवाज आठवत होता, पिन आठवत नव्हती. दाराला कुलूप, घरात दुसरं कोणी नाही. तरी त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. मोरीत पाहिलं. कपाट उघडून पाहिलं. आपल्याच घरात आपल्याबरोबर कोण कोंडलं गेलंय, हे शोधत ते फिरले, आणि शेवटी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

अर्ध्या तासाने कुलूप फिरलं. मुलगी आत आली ती धापा टाकत, अंगावर तोच सुरकुतलेला कोट. तिने आधी भिंती बघितल्या, पडदे बघितले, मग बाप बघितला.

"लागलं कुठे?"

"नाही."

"काय केलंत बाबा हे? शब्द दिला होतात ना?"

"गॅसचा दिला होता," मास्तर म्हणाले, आणि लगेच मान खाली घातली. "ते मी वकिली केली. चुकलं."

"अहो, टेलरीणबाईंनी सांगितलं जिन्यात, इस्त्री चालू ठेवून तुम्ही दाराशी गप्पा मारत होतात! घर पेटलं असतं तर? बाहेरून कुलूप आहे, कळतंय का तुम्हाला? मी लावलेलं कुलूप! मी काय तोंड दाखवलं असतं कोणाला?" तिचा आवाज फाटला. मग तिची नजर टेबलावर गेली. ती थबकली. "पिन काढलेली आहे."

"हो."

"तुम्ही काढलीत? बाईंनी हाक मारली तेव्हा?"

आता बघा, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? खोटंसुद्धा नव्हतं ते, कारण दुसरं कोण काढणार? एका 'हो'त शुक्रवार टळत होता. मास्तरांच्या ओठांवर ते आलं. पण ज्याला रोज पहिला घास द्यायचा, त्याच्यासमोर न आठवलेली गोष्ट आठवली म्हणून कशी सांगायची?

"माहीत नाही, बाळ," ते म्हणाले. "मला आठवत नाही. मी पलंगाखालीसुद्धा बघितलं."

मुलगी मटकन बसली. बराच वेळ ती बापाच्या हातांकडे बघत होती. मग उठली, वायर सोडवली, पिन लावली.

"दुसरी बाजू करा. मी बघते."

"रागाने म्हणतेस?"

"भूक लागली म्हणून म्हणते. सकाळपासून पोटात काही नाही."

मास्तर उठले. दिवा विझायची वाट पाहिली, इस्त्री टेकवली. पुन्हा चर्र झालं. ते सांगू लागले, फिरवायची कशी नाही, वजन कसं करू द्यायचं. मुलगी न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि एकदम ओरडली, "बाबा! इकडे या, नळ बघा काय झालाय!"

मास्तर वळले. बोलता बोलताच, मान मागे न करता, उजव्या हाताने इस्त्री टाचेवर उभी केली, डाव्याने पिन ओढली, वायरचे दोन वळसे घातले, आणि "काय झालं गं नळाला?" म्हणत तिच्यापर्यंत पोचले.

नळाला काही झालं नव्हतं.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. डोळ्यांना कोटाची बाही लावलेली. "काही नाही," ती म्हणाली. "आत्ता पिन काढलीत तुम्ही."

"मी? कधी?" मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मग आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, कोणाचे तरी सांभाळायला दिलेले असावेत तसे.

सँडविच तिने दोऱ्यानेच कापलं. चीजची तार लांबली. मास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि गरम घास तोंडात गेला. मुलीची जीभ भाजली. "चांगलं लागतंय हे," ती फुंकर घालत म्हणाली. नंतर तिने फोन लावला. मास्तर चावता चावता ऐकत राहिले.

"शुक्रवारी नका येऊ... नाही, तब्येत आहे तशीच आहे... हो, कुलूप लावूनच जाते... नाही, पुढची तारीख नको." तिने फोन ठेवला. "कुलूप राहणार बाबा. गॅसही बंदच राहणार. माझ्यात तेवढी हिंमत नाही."

"राहू दे."

"इस्त्री ठेवते बाहेर. दुपारी एक वाजता टेलरीणबाई दाराशी उभ्या राहतील, त्यांच्याशी बोलत बोलत करायचं. एकट्याने नाही."

"मग त्यांना अर्धं द्यावं लागेल. दाराखालून कसं द्यायचं?"

"एक किल्ली देते त्यांच्याकडे." ती घड्याळाकडे बघून उठली. साहेबांनी तासाभराचीच सुट्टी दिली होती. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून तिने कोटाच्या खिशात सरकवला आणि दार ओढलं. कुलूप एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं.

तेवढ्यात आतून दारावर दणादण थापा पडल्या. "अगं, खिशात नको! लोणी आहे त्यात! डाग पडेल पांढऱ्यावर, हातात धर!"

"हातातच धरलंय, बाबा!" ती जिन्यावरून ओरडली, आणि खिशातून काढून खरोखरच हातात धरलं.