दंतवैद्याने तपासलेली गाडी

मी एक जुनी, लाल रंगाची स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, वेग हाच माझा धर्म. आयुष्यातली शेवटची नऊ वर्षं मी विटांच्या थप्प्यांवर उभी राहून काढली.

माझं छप्पर कापडी होतं. बसायची जागा इतकी खाली, की आत शिरणारा माणूस आपोआप नम्र होई. पहिल्या मालकाने मला अकरा वर्षं पळवलं. शेजारी त्याला पाठीमागे नावं ठेवायचे. गाडीच्या वाट्याला याहून मोठं कौतुक येत नाही. मग त्याला जुळं झालं. माझ्यात माणसं दोनच बसायची. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल.

पहिले तीन पावसाळे मी उघड्यावर, फाटक्या ताडपत्रीखाली काढले. पाणी तळात साचलं आणि तिथेच राहायला लागलं. शेवटी एका मिस्त्रीने मला आपल्या शेडमध्ये आणलं. गंजाची भोकं त्याने लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवली आणि वरून लाल रंग फवारला. माझ्या शेजारी हिरवी उभी होती. कारखाना तोच, मॉडेल तेच. तिचा पत्रा धड, पण इंजिन मेलेलं. माझं इंजिन ठणठणीत, बाकी सगळा देवाचा कारभार.

“एक जगवायची तर दुसरी कापावी लागेल,” मिस्त्री गिऱ्हाइकांना सरळ सांगायचा. आम्ही दोघी ऐकायचो.

गिऱ्हाईक तसं एकच होतं. दाताचे डॉक्टर. सहा वर्षं ते दर रविवारी बायकोला घेऊन यायचे. त्यांच्या वहीत डाव्या पानावर मी होते, उजव्या पानावर हिरवी.

“अहो, मला चार दिवसांत होकार दिलात,” बाई म्हणायच्या. “आणि या पत्र्याला सहा वर्षं?”

“तेव्हा वही नव्हती,” डॉक्टर म्हणायचे.

पण जाताना ते हात माझ्याच बॉनेटवर ठेवायचे. मला वाटलं, आपण वाचलो.

एका रविवारी त्यांनी वही मिटली. “ठरलं. लाल. फक्त शेवटचं एकदा तपासतो.” त्यांनी बॅगेतून दांडीचा छोटा आरसा आणि आकड्यासारखी सळई काढली आणि जमिनीवर आडवे झाले. माझ्या दाराखालच्या पट्टीवर त्यांनी टकटक केलं. पत्र्याचं छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार त्या पट्टीवर, सगळा जीव तिच्यात असतो.

“मिस्त्री, हे भरलेलं आहे.”

“मग तुम्ही दिवसभर काय करता, डॉक्टर?”

“आम्ही आधी कीड काढतो. मग भरतो.”

“काढा की मग,” मिस्त्री हसत म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

दुसरा कोणी असता तर गंज बघून त्याने भाव पाडला असता आणि उठला असता. पण डॉक्टरांच्या हाताला तीस वर्षांची सवय. टणक लागेपर्यंत तो थांबत नाही. आधी लांबी पडली. मग गंजाचे पापुद्रे पडले. मग तळाचा तुकडा पडला. टणक काही लागेना.

“अहो, पुरे आता,” बाई स्टुलावरून म्हणाल्या. “तिला भूल दिलेली नाही.”

दोन तासांनी डॉक्टर दुसऱ्या दाराशी पोचले. मिस्त्रीने त्या बाजूचं दार उघडलं, तेव्हा माझी पाठ मधोमध खचली. दार पुन्हा लागलं नाही.

डॉक्टर उठले. त्यांनी गुडघे झटकले आणि रोग्यांसाठी राखून ठेवलेल्या मऊ आवाजात म्हणाले, “वाचवता येणार नाही. काढावी लागेल.” मग बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला वाटतं, त्यांना खरंच वाईट वाटलं.

मंगळवारी मला गॅसने कापलं. इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही सीटा हिरवीत गेल्या. हे मी तिच्याच पोटातून सांगते आहे. हिरवीला त्यांनी तपासलं नाही. त्या रविवारी त्यांचा हात भरून आला होता, आणि पुढच्या रविवारी बाईंनी बॅग घरी ठेवायला लावली.

मित्रांनो, जे आपलं आहे त्यात पाणी साचू देऊ नका. गंज नखाएवढा असतो, तेव्हा त्याच्याकडे बघायला पाच मिनिटं लागतात. आणि जीव लावलेल्या वस्तूची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती पास होण्याइतपत घ्या.

हिरवी आता डॉक्टरांच्या दारात उभी असते. माझं इंजिन उत्तम चालतं. डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. कामाला ते जिना उतरून जातात.