पायगतीची चादर

माझी बायको उशी काखोटीला मारून शेजारच्या खोलीत झोपायला गेली, त्याला कारण माझी पोटरी.

ऐन झोपेत पोटरीत असा गोळा यायचा, की मी ओरडत उठायचो आणि पाय झाडायचो. लाथ बसायची तिला.

"अहो, सबंध संसारात कधी लाथ खाल्ली नाही, ती आता म्हातारपणी खायची काय?" म्हणाली आणि गेली. मला मात्र तिच्या घोरण्याशिवाय झोप लागेना. पोटरी परवडली, पण ती शांतता नको असं झालं. काही करून तिला परत आणायचं होतं.

मी इस्त्रीवाला. दिवसभर टेबलापाशी उभा. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी औषध होतं. एक म्हणाला मीठ वाढवा, दुसरा म्हणाला मीठ सोडा. मी दोघांचंही ऐकलं आणि जेवणाची चव तेवढी गेली.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाय दाबून पाहिले, चालू औषधं विचारली.

"घाबरण्यासारखं काही नाही. वय झालं, त्यात उभ्याचं काम. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, टाच उचलायची नाही. दिवसा पाणी पीत जा. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढा, मग चोळा." मग म्हणाल्या, "झोपता कसे?"

"उताणा. पांघरूण एकदम कडक. बायको लॉजमध्ये बिछाने घालायची. पायगतीला पांघरायची चादर गादीखाली अशी खोचते, की मुंगीला वाट मिळायची नाही."

बाई हसल्या. "म्हणजे रात्रभर पंजे खाली दाबलेले. पोटरी आखडणारच! तिथं सैल सोडा."

सैल सोडा म्हणे! लॉजच्या मालकानं कामावरच्या नव्या बायकांना चादर खोचायला शिकण्यासाठी हिच्या हाताखाली ठेवलं होतं. तिला जाऊन सांगायचं कोणी? मी ठरवलं, रात्री चादर गुपचूप उपसायची आणि सकाळी परत खोचायची. पहिल्याच सकाळी सापडलो.

"हे कोणी खोचलंय? म्हशीनं?"

मग सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा आधी पडला, मग पारा चढला.

"इतकी वर्षं बिछाने घातले. एका गिऱ्हाईकानं तक्रार केली नाही!"

"अगं, गिऱ्हाईक एक रात्र झोपून जातं. मी जन्माचा मुक्कामी."

ती हसली नाही. चादर खसाखसा खोचली आणि स्वतःच आत शिरून उताणी झोपली. छताकडे बघत राहिली. चादरीखाली तिचे अंगठे वर यायला बघत होते आणि दबत होते.

"मी आपली पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपणारी," ती हळूच म्हणाली. "मला काय कळणार?"

तिनं चादरीला एक लाथ मारली. चादर हलली नाही. दुसरी मारली. तरी नाही.

"बघत काय उभे राहिलात? सोडवा की मला!"

त्या रात्री उशी परत आली. आता दोन्ही बाजू कडक असतात आणि पायगतीला चादर मोकळी. तरी तिथं एक देखणी घडी पाडल्याशिवाय तिला राहवत नाही. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो की म्हणते, "भिंत ढकलून झाली असेल तर दिवा घालवा."

गोळा अजून कधीमधी येतो. पण मी ओरडायच्या आत तीच ओरडते, "गुडघा सरळ! बोटं ओढा!" आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागते.