नववं रीळ

उदगीरच्या स्टँडामागच्या टॉकीजमध्ये निवृत्ती सोनकांबळे सव्वीस वर्षं आपरेटर होता, आणि खुनाचा पिच्चर चांगला कशानं होतो हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. समजूत अगदीच खोटी नव्हती. गावातली माणसं खाली खुर्चीवर बसून एक पिच्चर एकदा बघायची, फार तर दोनदा. निवृत्ती वरच्या केबिनच्या चौकोनी भोकातून तोच पिच्चर दिवसातून चारदा, आठवडाभर बघायचा. शुक्रवारी दुपारच्या पहिल्याच खेळाला खुनी कोण हे कळल्यावर बाकीचे खेळ माणूस कशाला बघेल? निवृत्ती बघायचा. त्याचं म्हणणं असं, की खुनी कळल्यावरही जो बघवतो तोच खरा पिच्चर. पाठलाग, गोळीबार, गोदामातली हाणामारी, हे सगळं त्याच्या लेखी नुसती फोडणी होती.

त्याला सगळे पिच्चर पाठ असायचे. कुठल्या रिळात कोण मेला आणि त्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हेही तो सांगायचा. टॉकीजसमोरच्या हॉटेलात संध्याकाळी त्याच्याभोवती चारसहा माणसं ठरलेली. त्याचा एक नियम मात्र होता. मधलं वाट्टेल ते सांगायचा, शेवट कधीच सांगायचा नाही. ज्यानं त्यानं तिकीट काढून बघावा, असं म्हणून तो कप खाली ठेवायचा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवल्या होत्या, पण रंग पातळ असल्यामुळं खालचं उस्मानाबाद अजून वाचता येत होतं. नव्या जिल्ह्यानं लोकांना नवा कलेक्टर दिला आणि पाठोपाठ दुष्काळही आला. विहिरी तळाला गेल्या, मग तळही सुकला. गल्लीबोळात बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या, आणि ज्यांच्या घरी कुणी वाट बघायला मोकळं होतं तेच दुपारी पिच्चरला यायचे.

अशा उन्हाळ्यात नांदेडहून एसटीच्या टपावर पत्र्याच्या पेट्यांतून तो पिच्चर आला. पेट्या उतरवून घेताना निवृत्तीला वाटलं, नेहमीसारखाच असेल. नवव्या रिळाला मात्र तो जागच्या जागी खिळला.

त्या रिळात तसं काहीच घडत नव्हतं. एका जवान पोराचा खून झालेला असतो. खून करणारा माणूस त्याच पोराच्या घरी, त्याच्या म्हाताऱ्या आईला भेटायला जातो. सांत्वनाचे चार शब्द बोलतो आणि पाणी मागतो. म्हातारी तांब्या देते. तो घटाघटा पितो आणि तांब्या पुन्हा पुढं करतो. दुसऱ्यांदा पाणी ओतताना म्हातारीला त्याच्या मनगटावर नखांचे ओरखडे दिसतात. तरी ती तांब्या भरेपर्यंत ओतत राहते. गाणं नाही, बाजा नाही, नुसता पाण्याचा आवाज. निवृत्ती म्हणायचा, सव्वीस वर्षांत याच्यासारखं रीळ हातातून गेलं नाही. त्या शुक्रवारपासून हॉटेलात त्याचा दुसरा विषयच नव्हता. पाण्याचा ग्लास हातात घेऊन तो म्हातारी व्हायचा, मग खुनी व्हायचा, आणि ऐकणाऱ्यांच्या चहावर साय धरायची.

हॉटेलाच्या पायरीपाशी भामाबाई शेंगा-फुटाण्याची टोपली घेऊन बसायची. बारा वर्षं ती टॉकीजच्या दारात बसत होती, पण आत एकदाही गेली नव्हती. आत गेलं तर टोपलीकडं कोण बघणार? तिचा पिच्चर निवृत्तीच्या तोंडूनच व्हायचा. तिचा एकुलता मुलगा नरसिंग बावीस वर्षांचा, दहावीपर्यंत शिकलेला, टँकरवर गल्लीच्या बायकांचे नंबर लावून द्यायचा. हा टँकर गल्लीत अर्धा रिकामा येतो आणि आधी वीटभट्टीवर जातो, असा अर्ज त्यानं तहसीलला दिला होता. टँकरवाल्याचा पुतण्या बसवराज याच्याशी त्याची सोमवारी भर रस्त्यात बाचाबाची झाली. तुला कोरड्या विहिरीत घालतो, असं बसवराज चारचौघांत म्हणाला.

मंगळवारी मॅटिनी सुरू होतानाच लाइट गेली आणि अर्ध्या तासानं आली. सहाचा खेळ वेळेवर लागायला पाहिजे होता. मालक चंद्रप्पा जिना चढून वर आला आणि म्हणाला, एक रीळ उडव. निवृत्तीनं विचारलं, कुठलं? गाण्याचं उडवलं तर पब्लिक खुर्च्या फोडेल, मारामारीचं उडवलं तर पडदा फाडेल. चंद्रप्पानंच सुचवलं, त्या म्हातारीचं रटाळ आहे ते काढ. निवृत्तीनं वाद घातला, पण नोकरी चंद्रप्पाची होती. नववं रीळ त्यानं फळीवर ठेवलं आणि आठव्याला दहावं जोडलं.

त्याला वाटलं, खाली शिट्ट्या होतील. एकही झाली नाही. सगळ्या पिच्चरचा जीव काढून घेतला, तरी लोक रुमालानं तोंड पुसत बाहेर पडले. रीळ कापल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. सहाच्या खेळाच्या मध्यंतरात हॉटेलात मॅटिनीचीच दोघंतिघं बसली होती. त्यानं मुद्दाम विचारलं, ते पाण्याचं कसं वाटलं? डोळा लागला होता असं कोण कबूल करणार? बघितलं की, लई भारी, असं सगळे म्हणाले. मग निवृत्तीला राहवलं नाही. कापल्याचं तो बोलू शकत नव्हता, म्हणून त्यानं ग्लास उचलला आणि ते रीळ त्या दिवशी जितकं रंगवून सांगितलं तितकं कधीच सांगितलं नव्हतं. पायरीवर भामाबाईचा शेंगा मापायचा हात थांबला होता.

त्या वेळी नरसिंग मरून दोनतीन तास झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्याकडच्या कोरड्या विहिरीत सापडला. डॉक्टरनं सांगितलं, मंगळवारी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, आणि पडून नाही, आधी मारून.

बसवराजला उचललं, पण तो निवांत होता. तीन ते सहा मी पिच्चरला होतो, म्हणाला. चंद्रप्पानंच बाल्कनीत बसवलं. पुरावा म्हणून त्यानं पिच्चरची सगळी गोष्ट सांगितली आणि फौजदारानं ती लिहून घेतली. तो पिच्चर आयुष्यात एकदाच, मंगळवारीच बघितला, हेही त्यानं लिहून दिलं. गोष्ट बरोबर आहे का, एवढं विचारायला फौजदारानं निवृत्तीला ठाण्यात बोलावलं. वाचता वाचता म्हातारीचं पाणी आलं, मनगटावरचे ओरखडे आले, आणि निवृत्तीनं कागदावर बोट ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, "हे रीळ मंगळवारी दुपारी दावलंच न्हाई."

फौजदारानं पेन खाली ठेवलं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. निवृत्तीला त्या क्षणी दुःखापेक्षा आनंदच झाला, हे खोटं कशाला बोला. जन्मभर दुसऱ्यांचे खुनी पकडताना बघितले, आणि आज त्याच्या हाताशी खरा धागा लागला होता. तो तडक भामाबाईच्या घरी गेला. नरसिंगच्या दहाव्याच्या आतच तिला सांगून बसला, "अक्का, सापडला. ह्यातून सुटत न्हाई त्यो. मी हाय."

भामाबाईनं त्याचे पाय धरायला हात पुढं केले. त्यानं पाय मागं घेतले, पण छाती थोडी पुढं आलीच.

चंद्रप्पानं मात्र साफ कानावर हात ठेवले. रीळ कापल्याचं नांदेडच्या वितरकाला कळलं तर तो पुन्हा प्रिंट देणार नाही, हे एक. टॉकीजची टाकी बसवराजच्या चुलत्याच्या टँकरनं भरते, हे दुसरं, पण ते तो बोलला नाही. माझ्याकडं कधीच रीळ कापत नाहीत, असं त्यानं लिहून दिलं आणि निवृत्तीला त्याच दिवशी घरी बसवलं.

फौजदार भला माणूस होता. म्हणाला, मॅटिनीला बसलेला एक माणूस आण, जो सांगेल की हे रीळ नव्हतं. एकच पुरे. निवृत्ती दीड महिना गावभर फिरला. शिंप्याकडं गेला, किराणावाल्या विरूपाक्षकडं गेला, कॉलेजच्या पोरांना गाठलं. मंगळवारी दुपारी काय बघितलं ते सांगा, एवढंच विचारायचा. आणि प्रत्येक जण म्हातारीचं पाणी सांगायचा. शिंपी तर म्हणाला, तिथं मला रडू फुटलं. निवृत्ती म्हणायचा, अरे ते नव्हतंच. समोरचा हसायचा. नव्हतं कसं, या डोळ्यांनी बघितलं! एकानं तर ग्लास उचलून करून दाखवलं, अगदी निवृत्ती करायचा तसंच, शेवटी मनगट वळवून. तेव्हा पहिल्यांदा निवृत्ती पुढच्या दुकानात न जाता घरी परतला. पण भामाबाईला तो यातलं काही बोलला नाही. कोर्टात खरं ते खरंच ठरतं, एवढंच तिला सांगत राहिला. ती मान हलवायची.

खटला लातूरला उभा राहिला. निवृत्तीची साक्ष आधी झाली. धुतलेला सदरा, नवी टोपी. सरकारी वकिलांनी विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं, लाइट गेली इथपासून रीळ फळीवर ठेवलं इथपर्यंत. बचावाचे वकील आडवेतिडवे प्रश्न विचारतील म्हणून तो घाबरला होता, पण त्यांनी गोडीत एकच विचारलं. तुम्ही लोकांना पिच्चरच्या गोष्टी सांगता म्हणे, चांगल्या सांगता? निवृत्ती म्हणाला, "सगळं गाव ऐकतं, साहेब. बघितल्यावानी वाटतं म्हन्तेत." वकील हसून खाली बसले. निवृत्तीला वाटलं, आपली साक्ष झकास झाली.

भामाबाईला त्या दिवशी ताप होता, म्हणून तिची साक्ष पुढच्या तारखेला गेली. निवृत्ती तिला एसटीनं घेऊन आला आणि मागच्या बाकावर बसला. नरसिंग घरातून किती वाजता निघाला, टँकरवर काय भांडण झालं, हे तिनं न अडखळता सांगितलं. मग बचावाचे वकील उठले. आजी, तुम्ही टॉकीजच्या दारात बसता ना? हाव. मग हा पिच्चर बघितला असेल. न्हाई. कुठलाच? कुठलाच न्हाई, आत जायला टोपली कुणाकडं द्यावी? बरं, पण त्यात एका म्हातारीची गोष्ट आहे म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे का?

सरकारी वकील उठेपर्यंत भामाबाई बोलायला लागली होती. त्या गोष्टीवाचून गेल्या आठ महिन्यांत तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. खुनी कसा उंबऱ्यात बसला, कसं पाणी मागितलं, पहिला तांब्या कसा संपला, दुसऱ्या वेळी मनगट कसं दिसलं. बोलताना तिनं तांब्या धरल्यासारखा हात केला आणि ओतत राहिली. मागच्या बाकावर निवृत्ती अर्धा उठला आणि तसाच राहिला. काय होणार हे त्याला कळलं होतं.

"आजी," वकिलांनी विचारलं, "न बघता एवढं कसं ठाऊक?"

"निवृत्तीदादानं सांगितलं की," भामाबाई म्हणाली. "गावात समद्यांनाच सांगितलंय."

वकिलांनी पुढं काही विचारलं नाही. विचारायचं उरलंच नव्हतं. जे रीळ जन्मात पडद्यावर न पाहिलेली बाई डोळ्यांसमोर उभं करते, ते बसवराजनंही मॅटिनी बघून झाल्यावर कुणाच्या तरी तोंडून ऐकून आपल्या गोष्टीत घातलं असेल. गोष्टी माणसाच्या डोक्यात मिसळतात. मालक म्हणतो रीळ कापलं नाही, प्रेक्षक म्हणतात बघितलं, आणि कापलं म्हणणारा एकटा आपरेटर नोकरीवरून काढलेला. निकाल लागला तेव्हा बसवराजच्या माणसांनी कोर्टाबाहेर पेढे वाटले. त्यातला एक पेढा कुणीतरी न ओळखता भामाबाईच्या हातावरही ठेवला. तिनं तो पदराच्या टोकात बांधला आणि निवृत्तीला विचारलं, काय झालं? त्यानं सांगितलं.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तडकलेली रानं होती. मग भामाबाई म्हणाली, "दादा, माझं कायी चुकलं का?"

"न्हाई अक्का. तुमी खरं तेच बोललात."

तिला ते पटल्यासारखं दिसलं. पदराची गाठ चाचपत ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. चाकूर गाव मागं गेल्यावर तिनं पुन्हा मान वळवली.

"त्या पिच्चरमदल्या मानसाला धरलं का शेवटी? तुमी शेवट कदी सांगितलाच न्हाई."

निवृत्ती म्हणाला, "धरलं."

"कुनी सांगितलं त्याचं नाव?"

चौदाव्या रिळात कोर्ट होतं. म्हातारी पांढऱ्या लुगड्यात पिंजऱ्यात उभी राहते. पहिला तांब्या, दुसरा तांब्या, मनगट, सगळं ती जसंच्या तसं सांगते, आणि तिच्या एका साक्षीवर तो माणूस फासावर जातो. निवृत्तीला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. भामाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, हॉटेलाच्या पायरीवरून बघायची तशीच.

"ध्यानात न्हाई, अक्का," तो म्हणाला.

असं तो आजवर कुणाला म्हणाला नव्हता. भामाबाईला त्याचं नवल वाटलं नाही. एवढे पिच्चर दावायचे म्हटल्यावर एखादा इसरतोच मानूस, त्याचं कायी मनाला लावून घेऊ नका, असं म्हणून तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उदगीर येईपर्यंत तो तसाच ठेवला.