घरच्याच

सकाळी सव्वासातला शिरगणतीची बाई बंगल्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा मावशी आजोबांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होत्या. ताप पहाटे उतरला होता. एरवी मावशी रात्री आठच्या ठोक्याला चपला घालून खालच्या गल्लीतल्या आपल्या घरी जात. काल मालकीणबाईंनी हात धरून थांबवलं होतं. एकच रात्र, म्हणाल्या होत्या.

गणतीचा नियम साधा होता: काल रात्री जो जिथे झोपला, तो तिथला. लिहिणारी ही मूळची शाळेतली शिक्षिका, खालच्याच गल्लीत वाढलेली; मावशींच्या पायरीवर गुडघे फोडून घेतलेली. घरातली माणसं लिहून झाली आणि ती मावशींपाशी अडली. कामवाल्या माणसाला अर्जात रकानाच नव्हता.

"यांचं काय लिहू?"

"काय म्हणजे? घरच्याच आहेत त्या आमच्या," मालकीणबाई म्हणाल्या. "नातेवाईक लिहा."

शिक्षिकेने पेन कागदापासून वर धरलं.

"मावशी, लिहू?"

अकरा वर्षांत त्या घरात मावशींना कोणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांनी ओले हात पुसले आणि मान डोलावली. मालकीणबाईंनी खाली सही केली.

संध्याकाळी मावशींनी हे गल्लीत तिघींना सांगितलं. आता वाटणी माग, असा एकीने टोमणा मारला. मावशी त्यावरही हसल्या.

गल्लीत हसायला तेवढ्याच उरल्या होत्या. एकतीस घरांतली सतरा विकली गेली होती. टेकडीवर बंगले झाले, त्यांच्याबरोबर चार नव्या भाषा आल्या आणि दुधापासून न्हाव्यापर्यंत सगळ्याचे भाव दुप्पट झाले. ज्यांना झेपलं नाही ते उठून गेले. वस्तीची सरासरी मिळकत तिपटीने वाढल्याचं पत्रक नगरपालिकेने फळ्यावर लावलं.

सहा आठवड्यांनी त्याच फळ्यावर दुसरी यादी लागली: गणतीच्या रात्री कुलूपबंद आढळलेली घरं. ती ओस धरून टेकडीचा रस्ता रुंद करायला घ्यायची होती. चौथं घर मावशींचं. कारकुनाने वर न बघता उपाय सांगितला. त्या रात्री जिथे झोपलात, त्या घराचं पत्र आणा.

मालकीणबाई फुलदाणीतलं पाणी बदलत होत्या.

"रोज रात्री घरी जाते, एवढंच लिहून द्या बाई."

"तसं लिहिलं तर आमचा अर्ज खोटा ठरेल ना. त्यावर माझी सही आहे." त्यांनी एक देठ मोडून आखूड केला. "आणि इतकं मनाला का लावून घेता? मागची खोली रिकामीच आहे. आजोबांना रात्रीचंही कोणीतरी लागतंच."

मावशी उभ्याच होत्या.

"पगाराचं बघू. घरच्यांत कसला हिशेब?"

दुपारी मावशी शाळेत गेल्या. शिक्षिका मधल्या सुट्टीत बाहेर आली. खडूने पांढरी झालेली बोटं ती बराच वेळ चोळत राहिली.

"मी विचारलं होतं मावशी तुम्हाला," ती म्हणाली. घंटा झाली तशी आत गेली.

हरकत घ्यायची मुदत सोमवारी पाचला संपते. सोमवारी बंगल्यावर पाहुणे आहेत, सकाळपासून थांबावं लागेल, असं मावशींना सांगून ठेवलं आहे. त्यांनी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही.